घडी न मोडलेलं लुगडं

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? तो पिठाच्या गिरणीत कामाला होता. पहिल्याच दिवशी मालकानं बजावलं, "ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. देव आला तरी लाइन मोडायची नाही." दुसऱ्या दिवशी मालकीणबाईच दळण घेऊन आल्या. केरबानं त्यांना अकरा डब्यांच्या मागं उभं केलं. त्या रात्री मालकाच्या घरी नुसता भात झाला.

गिरणी चालायची विजेवर, आणि वीज चालायची स्वतःच्या मर्जीवर. लाइट गेली की केरबा मोकळा. मग तो ओट्यावर बसून लाइट यायची वाट बघायचा. वाट बघण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

त्याची बायको हौसा. वैशाखात तिच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, आणि हिच्याकडे लुगडं एकच, त्यालाही सात ठिगळं.

हौसा म्हणाली, "अहो, नव्या लुगड्याशिवाय मी माहेरची पायरी चढणार नाही. भावजय हसेल. लाइट नसते तेव्हा बसून काय राहता? हात-पाय हलवा, वरचं काहीतरी काम करा."

केरबानं तिथल्या तिथं हात हलवले, पाय हलवले.

"तसे नव्हे," हौसा म्हणाली. "कामाला जा."

केरबा गेला तो तात्यांच्या शेतावर. ज्वारी हुरड्यात आली होती. तात्यांनी त्याला माळ्यावर चढवलं, हातात गोफण दिली आणि सांगितलं, "दाण्याला जो तोंड लावील त्याला पिटाळायचं. दयामाया नाही."

केरबानं सकाळभर एक पाखरू टिकू दिलं नाही. दुपारी तात्या आले. पीक बघून खूश झाले. एक कणीस मोडलं, चोळलं आणि चार दाणे तोंडात टाकले.

मग काय. पहिला दगड तात्यांच्या टोपीला लागला, दुसरा टोपी होती तिथं. तात्या तीन बांध ओलांडून ओढ्यात जाऊन बसले.

हौसानं कपाळावर हात मारला. "अहो, दारी आलेल्याला असं पिटाळायचं असतं का? या म्हणावं, बसा म्हणावं, पोटभर खा म्हणावं."

"हे आधी सांगायचं की," केरबा म्हणाला.

पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा तो इनामदारीणकाकूंकडे गेला. काकूंनी गच्चीवर... गच्ची कसली, अंगणातच बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. म्हणाल्या, "मी जरा पडते. तू लक्ष ठेव."

काकू पडल्या. अंगणात एक शेळी आली.

"या," केरबा म्हणाला. "बसा. पोटभर खा."

शेळी बसली नाही, पण बाकीचं तिनं ऐकलं. मग तिची पिल्लं आली, चार कोंबड्या आल्या, शेजारची म्हैस आली. केरबानं सगळ्यांची विचारपूस केली. म्हशीला ठसका लागला तर पाणीही दिलं. काकू उठल्या तेव्हा बाजेवर फक्त सुतळी उरली होती, आणि म्हैस तिच्याकडे बघत होती.

हौसा मटकन खाली बसली. "अहो, उन्हात ठेवलेल्या वस्तूवर कापड घालायचं. चारी बाजूंनी दगड ठेवायचे. कुणाला हात लावू द्यायचा नाही. एवढंही कळत नाही?"

"आता कळलं," केरबा म्हणाला. त्याला खरंच कळलं होतं.

तिसरं काम सोपं होतं. सुताराच्या म्हाताऱ्या बापाला, आबांना, सकाळचं कोवळं ऊन खायला अंगणात घोंगडीवर निजवलं होतं. सुतार म्हणाला, "मी बाजारातून येईपर्यंत आबांकडे बघ."

उन्हात ठेवलेलं. केरबानं आबांवर पायापासून डोक्यापर्यंत पांढरं धोतर घातलं आणि चारी बाजूंनी दगड ठेवले. आबांना छान डोळा लागला.

पहिल्यांदा पाहिलं ते शेजारणीनं. तिनं जो गळा काढला, त्यानं अर्धा गाव गोळा झाला. कुणी बांबू आणले, कुणी मडकं आणलं. जो जवळ जाईल त्याला केरबा म्हणे, "हात लावायचा नाही." लोक म्हणाले, बिचाऱ्याला फार लागलंय मनाला. सुतार बाजारातून आला आणि त्यानं हंबरडा फोडला. तेवढ्यात धोतराखालून आवाज आला, "कोण गेलं रे?"

मडकं तिथंच फुटलं.

हौसा ह्या वेळी रडलीच. वास्तुशांत दोन दिवसांवर आली होती. "अहो, चांगलं माणूस असं झाकतात होय? आहे तसं अलगद उचलायचं आणि घरात आणायचं. आता शेवटचं सांगते. उद्या आनंदरावांच्या लेकीचं लग्न आहे. पाणी भरायला जा. पैसा नको म्हणा, एक लुगडं द्या म्हणा. आणि आणताना घडी मोडू नका. घडी मोडलेलं लुगडं म्हणजे कुणाचं तरी नेसलेलं, असं भावजय म्हणेल."

केरबानं सगळं पाठ केलं. अलगद उचलायचं. घरात आणायचं. घडी मोडायची नाही.

पहाटेपासून त्यानं पाणी ओढलं. सगळी पिंपं काठोकाठ भरली. मुहूर्त जवळ आला होता. आनंदराव भटजींशी बोलत होते.

"लुगडं," केरबा म्हणाला.

"आत जा. खोलीत ढीग पडलाय. आवडेल ते उचल."

"कुठलंही?"

"कुठलंही. जा बाबा, डोकं खाऊ नको."

केरबा खोलीत गेला. लुगड्यांचा ढीग होता खरा. त्यानं एकेक पाहिलं. एकही मनाला येईना. तेवढ्यात त्याला दिसलं पिवळंधमक, लाल काठाचं, जरीच्या पदराचं लुगडं. तसं सुंदर लुगडं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. ते नवरीनं नेसलं होतं. नवरी गौरीहरापुढं मान खाली घालून बसली होती आणि मामाची वाट बघत होती. आपल्याकडे नवरीला बोहल्यावर मामाच आणतो, आणि त्या घरात उचलून आणायची रीत होती. मामा मागच्या दारी फेटा बांधून घेत होता.

घडी मोडायची नाही. केरबानं लुगडं आहे तसं, नवरीसकट, अलगद उचललं.

मांडवात एकच गडबड उडाली. "वाट द्या, मामा आला, मामा आला." बायकांनी ओवाळलं. वाजंत्री सुरू झाली. एका म्हातारीनं मामाच्या कपाळाला कुंकू लावलं. मामा बोहल्यावरून पुढं गेला, मांडवाच्या बाहेर गेला, मारुतीला वळसा घालून गल्लीत शिरला. वर बघायचं नाही, बोलायचं नाही, असं नवरीला आईनं बजावलं होतं. गुणाची पोर, तिनं हूं की चूं केलं नाही.

केरबानं तिला घरात आणून पाटावर ठेवलं. "बघ," तो हौसाला म्हणाला. "एक घडी मोडली नाही."

हौसानं वाकून पदराखाली पाहिलं. ती म्हणाली, "अहो, ह्यात नवरी आहे."

"असेल. मी उघडून बघितलं नाही."

"मामा," नवरी हळूच म्हणाली, "बोहलं अजून किती लांब आहे?"

तोवर गल्लीत धुरळा उठला. पुढं फेटा सुटलेला खरा मामा, मागं काठी घेतलेले आनंदराव, त्यांच्यामागं वाजंत्रीवाले वाजवतच, आणि सगळ्यांच्या पुढं घुसू बघणारा नवरदेव, मुंडावळ्या एका कानावर.

केरबा दारात आडवा उभा राहिला. गिरणीत सतरा वर्षं काढलेला माणूस तो, अशा गर्दीला थोडाच भिणार.

"हे बघा पाव्हणं," तो नवरदेवाला म्हणाला, "लाइन मोडायची नाही. हे मी आधी उचललंय. खोलीत अजून ढीग पडलाय. तुम्ही दुसरं बघा."