बहुमताचं तेल

जीपचे भाग सभा भरवायचे, तेव्हाची ही गोष्ट. एका जीपमध्ये तेल निवडायचं होतं. पुढचा आणि मागचा, चाकं फिरवणारे दोन्ही डिफरन्शिअल म्हणाले, "सगळ्यांना एकच, दाट तेल!"

या दोघांना इंजिनाचा जोर वाटून देणारी ट्रान्सफर केस हळूच म्हणाली, "मला पातळच लागतं हो. दाट तेल माझ्या साखळीपर्यंत पोचतच नाही."

"वेगळं वाढायला तू काय महाराणी लागून गेलीस?" मागचा डाफरला. दोन विरुद्ध एक मतांनी ठराव पास झाला.

चौथ्या दिवशी भर ओढ्यात साखळी तुटली, ट्रान्सफर केस जागीच गेली आणि चारही चाकं थांबली.

दोघांनी गुडघाभर पाण्यातच शोकसभा घेतली. ठराव केला, "तेल उत्तमच होतं, मयताला पचलं नाही."

या खेपेला विरोधात एकही मत पडलं नाही.