लाल शाईची दुरुस्ती

तालुक्याच्या कचेरीत शिपायांसाठी कारकुनाच्या जागेची परीक्षा झाली. इंग्रजीच्या पेपरात वीस वाक्यं होती आणि प्रत्येकात इन, ऑन, टू, विथ असा योग्य तो शब्द भरायचा होता. टिळवेसाहेबांनी पेपर स्वतः काढला, उत्तरं स्वतः लिहिली आणि खणात कुलूपबंद ठेवली.

निकालात बाकीचे आठ-नऊवर अडकले. पण साहेबांचं टेबल रोज पुसणाऱ्या रखमा खरातला एकोणीस! साहेबांनी तिचा पेपर उजेडात धरून पाहिला, खणाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि सगळ्यांदेखत तिला विचारलं, "खण कधी उघडलात, खरातबाई?"

"उघडला नाही, साहेब. बारा वर्षं इंग्रजी पत्रं टेबलाटेबलावर पोचवतेय. पोचवायच्या आधी वाचते."

"मग एकच कसं बरं चुकलं? कुणाला संशय येऊ नये म्हणून मुद्दाम चुकवलंत! आहे ती नोकरीही जाईल."

रखमाने फुली मारलेलं वाक्य पाहिलं. एका बाईचं लग्न डॉक्टरशी झालंय, असं ते वाक्य होतं. तिने 'मॅरिड टू' लिहिलं होतं आणि साहेबांनी त्यावर लाल शाईने 'विथ' केलं होतं. तिने साहेबांच्याच टेबलावरचा जाडजूड शब्दकोश उचलून हेडक्लार्कपुढे ठेवला. त्याने पानं उलटली, चष्मा सारखा केला.

"यात 'टू'च दिलंय, साहेब," तो हळूच म्हणाला.

"खण मी उघडला असता," रखमा म्हणाली, "तर मीही 'विथ'च लिहिलं असतं, साहेब."