उरलेला पट्टा

"तिथं काही सापडणारच नव्हतं, तर मी पुढे बघितलं काय नि न बघितलं काय, फरक कुठे पडतो?"

भास्करनाथ महाराज मठाच्या ओसरीवर माझ्याशेजारी बसून तांदूळ निवडत होते. संन्यास घेण्याआधी ते कॉलेजात गणित शिकवायचे. विचारणारा शार्दूल ओगले हा त्यांचा तेव्हाचा लाडका विद्यार्थी. आता पुण्यात मोठा इंजिनिअर, आणि ते कुणाला विसरू न देणारा.

महाराजांनी दुसरं सूप त्याच्यापुढे सरकवलं.

"कुठे बघितलं नाहीस?"

शार्दूलनं सूप पुढ्यात ओढलं आणि हळूहळू सांगू लागला.

जगभरची काही माणसं इंटरनेटवर मिळून एक शोध घेतात. अकरा आणि तेरा, सतरा आणि एकोणीस, अशा दोनच्या अंतरानं बसलेल्या मूळसंख्यांना जोडमूळ म्हणतात. यांना हवी असते ती प्रचंड मोठी जोडी, लिहायला घेतली तर पोथी भरेल अशी. पगार नाही, बक्षीस नाही. कुणी शिक्षिका, कुणी बेकरीवाला. एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. प्रत्येकानं संख्यांचा एक पट्टा मागून घ्यायचा, घरचा कॉम्प्युटर महिनोन्‌महिने त्याला जुंपायचा आणि शेवटी सगळ्यांना कळवायचं. बहुतेकांच्या नशिबी उत्तर एकच: 'काही नाही'. बाकीचे त्याला धन्यवाद देतात, आणि त्या पट्ट्यात पुन्हा कुणी शिरत नाही.

मला या माणसांचं फार कौतुक वाटतं. मठात राहून आमची एक माळ धड पुरी होत नाही.

"माझं मशीन सगळ्यांत वेगवान," शार्दूल म्हणाला. "तरी पट्टा कोरडाच. थोडा उरला होता, पण कंटाळलो. सगळा तपासला, काही नाही, असं कळवून टाकलं. नवा पट्टा घेतला. म्हटलं, तिथे तरी आपलं नाव होईल."

"मग?"

"सगळ्यांनी धन्यवाद दिले. फिनलंडच्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, तुमच्यामुळे आमचे श्रम वाचले... तेव्हापासून जेवण गोड लागत नाही."

महाराज तांदूळ निवडत राहिले.

तेवढ्यात स्वयंपाक बघणाऱ्या गोदाक्का दारात आल्या. आत आधण उकळत होतं.

"निवडून झाले का हो, दादा?"

शार्दूलनं सुपाकडे पाहिलं. अर्ध्या तांदळांना त्याचा हातही लागला नव्हता. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

महाराजांनी त्याच्याकडे बघून आ केला आणि आत बोट दाखवलं. वरच्या हिरडीत एकच दात उरला होता, खडा लागला तर तोही जाणार.

"नाही, अक्का... अर्धे राहिलेत."

"मग निवडा. आम्ही थांबतो."

पानं मांडून झाली होती. भाताखेरीज सगळं तयार होतं. पोटात कावळे ओरडत होते, पण कुणी कुरकुरलं नाही. शार्दूल दाणा न् दाणा बघत बसला.

गोदाक्कांनी तांदूळ वैरले तसा तो उठून विहिरीकडे गेला. आमच्याकडे मोबाइलला रेंज तिथेच येते. त्यानं सगळ्यांना लिहिलं: "मी खोटं कळवलं. उरलेला भाग तपासलेला नाही. तो मला परत द्या."

पहिलं उत्तर फिनलंडच्या बाईंचंच आलं.

"सांगितलंत, धन्यवाद. सावकाश बघा. आम्ही थांबतो."

परत येऊन त्यानं ते मला वाचून दाखवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, खोटं कशाला बोलू?

पंगतीत पहिला घास महाराजांनी घेतला. डोळे मिटून, त्या एका दातानं, निर्धास्त चावला.

"महाराज," शार्दूल म्हणाला, "राहिलेल्या अर्ध्यात एकही खडा निघाला नाही."

महाराजांनी घास गिळला...

"आता म्हण, 'काही नाही'."