बिनशिगेचं राज्य

एका राज्यात राजा होता, राणी होती, नदी होती, आणि आठवडा सरला की नदीकाठी भरणारे तीन बाजार होते. एक फुलांचा, एक धान्य-भाजीपाल्याचा आणि एक भट्टीतल्या खमिरी रोट्यांचा. राजाचं नाव उदयभान. राजा मोठा न्यायी. इतका न्यायी, की जेवताना राणीच्या पानात भजी किती आणि आपल्या पानात किती, हेही डोळ्यांनी मोजून घेई. अशा माणसाशी संसार करणं काही सोपं नसतं, पण राणी मेघावती हसून सांभाळून घेई.

त्या बाजारांची एक जुनी रीत होती. पायली काठोकाठ भरली, की विकणारा वर आणखी एक ओंजळ ओती. काठाच्या वर निमुळता ढीग उभा राही, ती शीग. फुलांच्या पुडीवर एक फूल वर, भाजीवर चार मिरच्या वर, रोट्यांवर एक रोटी वर, तीही शीगच. ती कुणी मागत नसे आणि देणारा मोजत नसे.

एके दिवशी एक गृहस्थ दरबारात आला नि म्हणाला, "महाराज, शेजाऱ्याच्या पायलीला वीतभर शीग, माझ्या पायलीला बोटभर. हा कुठला न्याय?"

राजा सात दिवस विचारात पडला. आठव्या दिवशी त्याने दवंडी पिटवली. "आजपासून शीग बंद. बाजाराबाजारात मापाडी बसेल. हातातल्या फळीने माप काठाशी सपाट करील. वरचं उरेल ते राजाच्या कोठारात जाईल. जो शीग देईल, त्याच्या तळहातावर तीन फळ्या." शहाणा माणूस चुकला की अशी व्यवस्थित चूक करतो.

त्याच दिवशी राजकन्येचं बारसं होतं. इकडे पाळण्यात पोर घातली, तिकडे कोठारात सपाट केलेल्या धान्याचं पहिलं टोपलं रितं झालं. लगेच जमिनीतून एक काळा नाग वर आला आणि त्या ढिगावर फणा काढून बसला.

त्या दिवसापासून राज्यात काहीच काठाच्या वर जाईना. कळ्या अर्ध्या उमलून थांबत. वेल कुंपणाला टेकत, वर चढत नसत. खमीर घातलेलं पीठ परातीत निपचित पडून राही. चुलीवरचं दूध तापे, उकळे, पण उतू जात नसे. राजवाड्यातली आचारीण जिवाई पहिले आठ दिवस यावर खूश होती, नवव्या दिवशी घाबरली. तिने राणीच्या कानावर घातलं, तेव्हा राणीने नुसतं पाळण्याकडे बोट केलं. पोर बारशाला होती तेवढीच होती. महिने गेले, दोन वर्षं गेली, तरी ती बारा दिवसांचीच राहिली. मान धरीना, कुशीवर वळेना. नुसती डोळे उघडे ठेवून छताकडे बघे.

राजाचा जीव तिळतिळ तुटे. वैद्य झाले, मांत्रिक झाले, सगळे हात टेकून गेले. मग एका सकाळी खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला. तांब्याच्या रंगाचे पंख, गुंजेसारखे लाल डोळे.

"राजा," भारद्वाज म्हणाला, "दोन वर्षं मी या खिडकीबाहेरच्या झाडावर आहे. मला बघून लोक शुभ झालं म्हणतात आणि हात जोडून निघून जातात. कुणी काही विचारत नाही. तूही नाहीस."

"चुकलं," राजा म्हणाला. "आता विचारतो. माझी लेक वाढेल कशी?"

"तुझ्या कोठारात जे आहे ते तुझं नाही. दुसऱ्याच्या पदरात पडणारं तू वरच्या वर काढून घेतलंस, म्हणून ते शापित झालं. तीन बाजारांतून तीन शिगा मिळव. एक फुलाची, एक भाजीची, एक रोटीची. त्या घेऊन नागापुढे जा. पण ऐक. मागशील, तर मिळणार नाही. राजा म्हणून गेलास, तर मिळेल तो नजराणा, शीग नव्हे. प्रत्येक बाजारात एकदाच जायचं. तिन्हींतली एक जरी हुकली, तर पोर जन्मभर पाळण्यात राहील."

राजाने मुकुट उतरवला, माळ्याची जुनी बंडी घातली आणि हातात पिशवी घेतली. राणी म्हणाली, "आपण आजवर मीठसुद्धा विकत आणलेलं नाही." राजा म्हणाला, "त्यात काय मोठंसं?" राणी पदरात तोंड लपवून हसली तेवढी.

आठवडा सरला. राजा फुलांच्या बाजारात गेला. कळ्या अर्ध्याच उमललेल्या, पण वास मात्र पुरता होता. ओल्या फडक्यांवर मोगरा, परड्यांत झेंडू, केळीच्या पानांवर सोनचाफा. राजाने ही फुलं आजवर देवापुढे पाहिली होती, राणीच्या केसांत पाहिली होती. ती अशी दवासकट, कुणाच्या तरी मांडीपुढे रास होऊन बसलेली त्याने कधी पाहिली नव्हती. तो चांगुणा माळिणीच्या फडक्यापुढे उभा राहिला नि उभाच राहिला.

"काय पाहिजे, दादा?" चांगुणा म्हणाली.

"उत्तम पुष्पं द्यावीत."

चांगुणा खो खो हसली. "अगं बाई, पुष्पं! आमच्याकडं नुसती फुलंच हायेत, चालतील का?"

राजाचे कान लाल झाले. तिने हातभर गजरा मोजला, पुडी बांधायला घेतली. आता शीग येईल, आता येईल, म्हणून राजाचा जीव कासावीस झाला. "त्यावर आणखी..." असं तो म्हणतो न म्हणतो, तोच मागोमाग उडत आलेल्या भारद्वाजाने त्याच्या डोक्यावर चोच मारली. शब्द तोंडातच राहिला.

"कुणासाठी नेतोयस एवढ्या हौसेनं?" चांगुणाने विचारलं.

"लेकीसाठी. पाळण्यात आहे."

"किती दिवसांची?"

राजाला खोटं बोलता येईना. "बारा दिवसांची. दोन वर्षं झाली, बारा दिवसांचीच आहे."

चांगुणाचे हात थांबले. तिने मापाड्याकडे पाहिलं, मग पदर पुडीवर ओढला. पदर मागे घेतला तेव्हा गजऱ्यावर सोनचाफ्याचं एक फूल होतं. "पाळण्याला बांध," ती हळूच म्हणाली. "आणि जा आता. बोलू नकोस काही."

राजा पुडी छातीशी धरून चालू लागला. 

दुसरा आठवडा सरला. राजा भाजीबाजारात गेला. आता आपल्याला बाजार कळला, असं त्याला वाटत होतं. एवढं वाटलं की माणूस फसतोच. एक बाई भेंडीचं टोक मोडून बघत होती. "कट्‌ करून तुटलं की कोवळी," ती म्हणाली. राजाला ते भारीच आवडलं. तो सटवाजीच्या टोपलीपुढे बसला आणि एक भेंडी मोडली. कट्‌! दुसरी मोडली. कट्‌! सटवाजी मागे वळून मेथीवर पाणी शिंपडत होता. तो परत वळला, तोवर राजाची टोपलीतली एकूणएक भेंडी तपासून झाली होती.

"अरे माझ्या कर्मा!" सटवाजी ओरडला. "माकड तरी बरं! ही बिनटोकाची भेंडी आता घेईल कोण?"

"कोवळी आहे," राजा म्हणाला. "सगळीच्या सगळी कोवळी आहे."

"ते मला ठाऊक हाय रे! मीच पिकवलीय!"

भोवती माणसं जमली, हसायला लागली. राजाला आजवर कुणी माकड म्हटलं नव्हतं. आपल्याला राग यायला हवा होता, पण आपणही हसतोय, असं त्याच्या ध्यानात आलं. "मामा, चूक माझी," तो म्हणाला. "सगळी भेंडी मी नेतो. तुमची मेथी तेवढी विकून देतो." आणि खरंच तो तिथे उन्हात बसला. "मेथी घ्या मेथी" अशी हाक मारायला लागला. आवाज दरबारी, हाक बाजारी. लोक ऐकायला थांबत, थांबले की जुडी घेत. दुपारपर्यंत मेथी संपली.

सटवाजी मिशीतल्या मिशीत हसला. त्याने भेंडी पिशवीत भरली. मापाडी समोरच फळी घेऊन उभा होता. तेवढ्यात भारद्वाज उडत आला आणि थेट मापाड्यापुढच्या खांबावर बसला. शुभ दर्शन झालं म्हणून मापाड्याने डोळे मिटून हात जोडले. ते डोळे उघडेपर्यंत चार मिरच्या आणि कढीपत्त्याची एक डहाळी राजाच्या पिशवीत जाऊन पडली होती.

तिसरा आठवडा सरला. रोट्यांचा बाजार जादूगारांचा होता. जादूने डोंगर हलतो, पण पोट भरत नाही, म्हणून त्या राज्यातले जादूगार आठवडाभर मंत्र म्हणत आणि आठवडा सरला की भट्ट्या लावत. रोट्या फुगत नव्हत्या, चपट्याच उतरत होत्या, तरी खरपूस वासाने माणसं ओढली जात होती. नानकटाया होत्या, तिळाच्या खुसखुशीत पोळ्या होत्या. राजा हिंगुळा जादूगारिणीच्या भट्टीशी गेला. म्हातारी पिठाने पांढरी झालेली.

"चार रोट्या," राजा म्हणाला.

"थांबावं लागेल. तोवर इथं बस नि गिऱ्हाईक बघ," हिंगुळा म्हणाली. "मी मागून लाकडं आणते. पाटीत पाच रोट्या आहेत. भाजलेल्या एवढ्याच."

राजा बसला. थोड्या वेळाने एक बाई आली, कडेवर एक मूल घेऊन. "चार रोट्या द्या हो," ती म्हणाली. राजाने चार रोट्या मोजल्या, केळीच्या पानात ठेवल्या. कडेवरचं मूल रोट्यांकडे बघत होतं. त्याने मान ताठ धरली होती. एवढीशी मान, पण कशी ताठ! राजा त्या मानेकडे बघत राहिला. आणि बघता बघता त्याच्या हाताने पाचवी रोटी उचलली नि चारांवर ठेवली.

हाताने केलं, राजाला नंतर कळलं.

"शीग दिलीस!" मापाडी गरजला.

"दिली," राजा म्हणाला.

"राजाज्ञा ठाऊक आहे?"

"चांगली ठाऊक आहे." राजाने हात पुढे केला. एक फळी, दोन फळ्या, तीन फळ्या. तळहात लालभडक झाला. आपण ही शिक्षा दोन वर्षं किती जणांना दिली असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि फळीपेक्षा ते जास्त लागलं.

हिंगुळा लाकडं घेऊन आली. रिकामी पाटी बघितली, राजाचा हात बघितला. "अरेरे," ती म्हणाली. "तुझ्या चार ताज्या भाजणार होते, आणि ही पाचवी त्यांवर ठेवणार होते रे. आता भट्टी विझली, लाकडंही ओली निघाली. आज रोटी नाही."

 तिसरी शीग त्याचीच होती, आणि त्याने आपल्याच हाताने ती देऊन टाकली होती. बाजारात पुन्हा येता येणार नव्हतं.  राजा घराकडे चालू लागला. वाटेत त्याने स्वतःवर चिडून पाहिलं, जमलं नाही. ते मूल रोटीचा कडक पापुद्रा चघळत गेलेलं डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

सुकलेला सोनचाफा, चार मिरच्या आणि डहाळी घेऊन तो कोठारात गेला. नागाने फणा काढला.

"तिसरी कुठे आहे?" नाग म्हणाला.

"माझ्यापाशी नाही."

"हरवली?"

"नाही. दिली."

"का दिलीस?"

राजाने खूप विचार केला. न्यायी माणूस, त्याला कारण सापडायला हवं होतं. "कारण नाही," तो अखेर म्हणाला. "द्यावीशी वाटली."

"हात दाखव."

राजाने लाल तळहात पुढे केला. नागाने त्यावर फणा टेकवला. स्पर्श गार होता. "दोन घेतल्यास, एक दिलीस. पुरे झालं," नाग म्हणाला. "दोन वर्षं या ढिगावर बसून माझी कंबर धरली होती." आणि तो जमिनीत निघून गेला.

त्याच क्षणी स्वयंपाकघरातून जिवाईची किंकाळी आली. "राणीसाहेब! दूध उतू गेलं! अहो, सगळी चूल विझली, दूध उतू गेलं!" ती रडत होती आणि हसत होती, आणि कुणीही पातेलं उतरवत नव्हतं.

राजा धावत सुटला. माजघरात राणी पाळण्यापुढे उभी होती, हाताने तोंड दाबून. पाळण्याच्या काठावर आधी दोन मुठी दिसल्या. मग हळूहळू, डगमगत, एक डोकं काठाच्या वर आलं. मान ताठ होती. भरल्या मापावर शीग उभी राहावी, तशी पोर पाळण्याच्या काठावर उभी राहिली आणि बापाकडे बघून हसली.

पुढे कोठार उघडलं गेलं आणि ज्याचं त्याला परत मिळालं. सगळ्या फळ्या हिंगुळेच्या भट्टीत गेल्या. त्यांच्या जाळावर पहिली रोटी अशी टम्म फुगली, की जादूगारसुद्धा बघायला जमले. मापाड्याला नवं काम मिळालं: शिगेवाचून माप कुणाला जाऊ द्यायचं नाही. आणि आठवडा सरला की राजा स्वतः पिशवी घेऊन बाजाराला जाई, कडेवर लेक. सटवाजी मात्र लांबून त्याला पाहिलं, की भेंडीवर गोणपाट टाकी.

ही मापाची कहाणी तुमच्या पदरात काठोकाठ पडली. इथे ती संपली.

आणि आता ही वर चिमूटभर. त्या राजकन्येला पहिल्यांदा बाजारात नेलं, तेव्हा चांगुणाने तिच्या मुठीत सोनचाफ्याची दोन फुलं दिली. पोरीने ती बघितली, हुंगली, आणि त्यांतलं एक चांगुणाच्या परडीत, राशीच्या अगदी वर, परत ठेवलं.