हौसाची दाढ आणि मिश्री

डोंगराच्या कुशीत एक लहानशी वाडी होती. तिथे एक आई आपल्या लेकीला, हौसाला घेऊन राहायची. वाडीत दवाखाना नव्हता. कुणाचा दात दुखला की बायका मिश्री लावायच्या. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. तिने हिरडी बधिर होते, म्हणून वाटायचं दुखणं गेलं.

हौसाची वरची दाढ किडली होती. गाल सुजला होता. पोर दोन घास खायची आणि रडत ताटावरून उठायची.

एकदा गुरुजींनी निरोप धाडला, शहरातून दातांच्या डॉक्टरीणबाई येणार आहेत, पैसे घेणार नाहीत, सगळ्या मुलांना शाळेत आणा.

आईला बरं वाटलं. पण शेजारची म्हातारी म्हणाली, "येडी का खुळी तू? वरची दाढ काढली की डोळा जातो. मग बस रडत."

आई घाबरली. नेलं नाही तर गुरुजी बोलणार, नेलं तर डोळा जाणार. शेवटी तिने सकाळीच हौसाच्या दाढेला भरपूर मिश्री चोळली आणि बजावलं, "विचारलं तर दुखत नाही म्हणायचं. कळलं?"

शाळेच्या पडवीत डॉक्टरीणबाई मुलांना ब्रश कसा धरायचा ते दाखवत होत्या. "रात्री झोपतानाही घासायचे बरं का."

एक पोरगा म्हणाला, "रात्री कोण बघतंय बाई?"

"कीड बघते की! तुम्ही झोपलात की ती जेवायला बसते."

सगळे हसले. मग हौसाची पाळी आली.

"दुखतं का गं?"

"नाही," हौसा म्हणाली आणि म्हणता म्हणता पांढरीफटक पडली. भडाभडा ओकली आणि खालीच बसली.

पडवीत जमलेल्या आयाबायांनी एकच गलका केला. "डॉक्टरणीनं पोरीला काय केलं बघा! उचला सामान, निघा इथून!"

बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. हौसाला कुशीवर निजवलं आणि आईला विचारलं, "सकाळी हिला काय दिलंत? खरं सांगा. त्यावरच पुढचं ठरेल."

सगळी वाडी बघत होती. खरं बोलावं तर लोक म्हणतील, आई आहे का वैरीण. गप्प बसावं तर बाईंना हाकलतील, आणि पोर? आईने हौसाच्या तोंडाकडे पाहिलं.

"मिश्री लावली मी," ती म्हणाली. "दुखतं म्हणाली असती तर तुम्ही दाढ काढली असती. डोळा जाईल म्हणून भ्याले."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी हौसाचं तोंड नीट पुसून काढलं, चुळा भरायला लावल्या, जवळ बसून राहिल्या. "तंबाखू लहान जिवाला सोसत नाही. आणि दाढेचा नि डोळ्याचा काही संबंध नाही हो."

तेवढ्यात आयाबायांपैकी मघाशी सगळ्यात मोठ्याने ओरडणारी उठली. तिने आपल्या पोराचं मनगट धरलं आणि गुपचूप हापशाकडे नेलं. तिच्यामागे आणखी एक गेली, मग आणखी एक. बराच वेळ पोरं तिथे चुळा भरत होती आणि काळं पाणी थुंकत होती.

दुपार कलल्यावर हौसाला बरं वाटलं. बाईंनी दाढ काढली. आईने लेकीचा हात धरून ठेवला होता.

तात्पर्य इतकंच: आईने आपली भीती झाकली तर ती लेकराला भोगावी लागते, उघड सांगितली तर दुसऱ्यांची लेकरंही वाचतात.