ओटिलीची फुंकणी

“सून मुकी निघाली हो! बर्फ वितळलं की देऊ माहेरी पाठवून,” सासूबाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या. आता त्यांची कुजबुज म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जायची, बरं का! दाराआड पीठ मळणाऱ्या ओटिलीलाही गेली.

ही ओटिली पुढे जर्मन देशातली मोठी लेखिका झाली. पण तेव्हा ती नवी नवरी होती. बोलायची नाही, बघायची मात्र सगळं. त्या गावची रीत अशी, की थंडीत संध्याकाळी सगळ्यांनी एका घरी सूत कातायला जमायचं आणि त्या घरच्या नव्या सुनेनं गोष्ट सांगायची. यंदा पाळी सासूबाईंच्या घराची. चार लोकांत बोलायची ओटिलीला भारी भीती, आणि गोष्ट नाही जमली तर माहेरी रवानगी ठरलेली. माहेरी जायचं नव्हतं तिला. नवरा आवडायचा ना!

मग ती काय करायची? त्यांच्याकडे माणसाएवढी उंच शेगडी होती. सकाळी फुंकणीनं जाळ फुंकताना मनातलं सगळं ती फुंकणीतच बोलून टाकायची.

पहिल्या संध्याकाळी लोक जमले. “हं, सूनबाई, होऊ द्या.” ओटिलीनं मान खाली घालून सूत ओढलं. तेवढ्यात शेगडी खाकरली आणि बोलू लागली! प्रार्थना म्हणताना एक डोळा सॉसेजवर ठेवणाऱ्या पाद्रीबाबांची गोष्ट. लोक हसून हसून लोळले. पाद्रीबाबा जरा कमी लोळले. आवाज कोणाचा, कळेना. ओटिलीचा आवाज कधी ऐकलाच होता कोणी?

दुसऱ्या संध्याकाळी शेगडीनं सासऱ्यांचं सांगितलं. ते घोरले की गावचे कोंबडे उत्तर द्यायचे.

सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या, “शेगडी माझ्या माहेरची! सुनेचं काय त्यात?” मग तिसऱ्या सकाळी फुंकणी हिसकावून त्या स्वतःच फुंकायला बसल्या. पुटपुटत, पुटपुटत.

संध्याकाळी गाव कान टवकारून बसला. शेगडी खाकरली. आणि चक्क सासूबाईंच्या आवाजात म्हणाली, “मुकी मेली! बर्फ वितळलं की देते पाठवून. पण मग माझे बटाटे कोण सोलणार?”

सासूबाई बिटासारख्या लाल. शेगडीमागे लपावं, तर शेगडी तापलेली!

ओटिलीला खुदकन हसू आलं. हसता हसता घसा मोकळा झाला आणि ती बोलली.

मग काय, बर्फ वितळलं, पण माहेरी कोणी गेलं नाही. सासू-सून मजेत राहिल्या, बटाटे दोघींनी सोलले. चला, पांघरुणं घ्या, मिटा डोळे. काय? ती बोलली काय, ते राहिलंच की! ती म्हणाली, “आई, या, माझ्याशेजारी बसा. शेगडीबाई, तू गप्प गं आता. आजची गोष्ट मी सांगणार!”