न घेतलेला वजीर

एका राज्यात बुद्धिबळाचे फार वेड होते, आणि राजा वीरध्वजाला ते सर्वांहून अधिक. डाव मांडायला तो सदा तयार. विचार करायला मात्र त्याला सवड नसे. एके दिवशी कर्दम नावाचा मांत्रिक दरबारी आला. त्याची अट अशी, की जो हरेल तो लाकडाचे मोहरे होईल आणि जो कर्दमाला हरवील तो आधी हरलेल्या सर्वांना सोडवील. राजा हसत बसला आणि हरला. आता तो पांढरे प्यादे होऊन पटावर उभा होता, आणि सिंहासनावर कर्दम.

राजकन्या चित्रांगीला मोहरी कशी चालतात, एवढेच ठाऊक. एका सकाळी तिला त्या प्याद्याच्या खांद्यावर बारीक चीर दिसली. लाकूड सुकत होते. ती तशीच कर्दमाशी खेळायला निघाली, तोच खिडकीतली साळुंकी बोलली,

"राजकन्ये, आज बसलीस तर उद्या पटावर दोन प्यादी दिसतील."

"मग काय करू? बाबा तडकत चालले आहेत."

"तीन कामे कर. होतील तुझ्याने, पण झटपट होणार नाहीत."

साळुंकीने दुसऱ्या पटावर दोन राजे आणि एकच प्यादे ठेवले. "हे पलीकडे ने." चित्रांगीने प्यादे दामटले, ते मारले गेले. राजाने पुढे होऊन वाट मोकळी करायची आणि प्याद्याने मागून यायचे, हे उमगेपर्यंत पावसाळा सरला.

दुसरे काम असे, की आपली पाळी आली की उजवा हात मांडीखाली घ्यायचा. समोरच्याने ही खेळी का केली, हे सांगितल्यावाचून तो बाहेर काढायचा नाही. हाताला मुंग्या येत, डोक्यात राग जाई. पण हळूहळू तिला आपल्या मोहऱ्यांबरोबर समोरचीही दिसू लागली.

तिसरे काम सर्वांत जड. हरलेला डाव पुन्हा मांडायचा आणि चुकलेली खेळी शोधायची. आपली चूक पुन्हा पाहायला कोणाला आवडते? चित्रांगी रडली, पण मांडत राहिली. मग साळुंकीने राजाचा शेवटचा डाव सांगितला. खिडकीतून तिने तो पाहिला होता. कर्दमाने वजीर उघडा टाकला होता, आणि बाबांनी तो झडप घालून घेतला होता.

चीर कमरेपर्यंत उतरली, तेव्हा चित्रांगी कर्दमासमोर बसली. डाव रंगला आणि काळा वजीर उघड्यावर आला.

"घे की, बाळे," कर्दम गोड हसला.

चित्रांगीने हात मांडीखाली घेतला. ती इतका वेळ पाहत राहिली की कर्दमाचे हसू मावळले. मग तिने आपला राजा एक घर सरकवला. सापळा रिकामाच राहिला.

मोहरी गळत गेली. अखेरीस तडकलेले प्यादे राजाच्या मागून चालत शेवटच्या घरात पोहोचले आणि वजीर झाले.

"शह," चित्रांगी म्हणाली, "आणि मात."

कर्दम जागीच लाकूड झाला. पटावरून माणसे उतरू लागली. वीरध्वजाच्या खांद्यापासून कमरेपर्यंत एक वण होता.

"तू तो वजीर घेतला नाहीस?" त्याने विचारले.

"नाही, बाबा. तुमचा डाव मी रोज हरून पाहिला होता."

सिंहासनाकडे न जाता राजा दोन राजे आणि एका प्याद्याच्या पटाशी बसला आणि प्याद्याला बोट लावणार, तोच साळुंकी खेकसली,

"महाराज, आधी हात मांडीखाली!"

आणि राजाने मुकाट्याने घेतला.